पायावरची जखम: कोड शोधण्याआधी नोंदीत काय शोधावे

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यातील एका रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात काही वर्षे काम करून आपण सहा महिन्यांपूर्वी अमेरिकेतील जखम-उपचार बाह्यरुग्ण विभागांच्या चार्टांवर, म्हणजे रुग्णांच्या नोंदी वाचून विम्यासाठी निदानाचे व उपचाराचे कोड देण्याच्या कामावर, आलात. डॉक्टरांनी निदानाच्या जागी ‘राइट लेग वूंड’ एवढेच लिहिले होते, म्हणून आपण एस८१.८०१ए हा उजव्या पायाच्या गुडघ्याखालील उघड्या दुखापतीचा कोड दिला, आणि ऑडिटमध्ये असे सात चार्ट परत आले. दोन ठिकाणी ऑडिटरने एल९७ (पायाचा जुनाट व्रण) घातला, एका ठिकाणी आधी ई११.६२२ (मधुमेहामुळे झालेला त्वचाव्रण) आणि मग एल९७ असा क्रम लावला, आणि उरलेल्या चारांवर ‘क्वेरी हवी होती’, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारायला हवे होते, असा शेरा मारला. आपण विचारता की जखमेला एस आणि व्रणाला एल असा सरळ नियम धरावा का, व्रणाची खोली परिचारिकेच्या नोंदीतून घेता येते का, आणि डिब्रीडमेंटचे, म्हणजे जखमेतील मृत ऊतक काढण्याचे, युनिट कसे मोजावेत.

मी सोळा वर्षे कोडिंगमध्ये आहे आणि त्यातील बरीचशी ऑडिटमध्ये गेली आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे आपल्या सातही चार्टांत अडचण एकच आहे: जखम लिहिलेली आहे, पण ती कशाने झाली हे लिहिलेले नाही. ‘वूंड’ हा इंग्रजी शब्द कारणाविषयी काहीही सांगत नाही. डॉक्टर तो पडल्यामुळे फाटलेल्या कातडीलाही वापरतात, शिरांच्या विकारामुळे तीन महिने न भरलेल्या व्रणालाही वापरतात आणि शस्त्रक्रियेनंतर उसवलेल्या टाक्यांनाही वापरतात. वर्गीकरणाचा निर्देशांक, म्हणजे कोडांची शब्दसूची, मात्र या शब्दावरून आपल्याला थेट दुखापतींच्या प्रकरणात, म्हणजे एस कोडांकडे नेतो. तिथला कोड देणे म्हणजे या माणसाला बाहेरून काहीतरी लागले, कापले किंवा खरचटले, असे विमा कंपनीला लेखी सांगणे. मग कंपनीकडून रुग्णाला अपघात कुठे झाला, दुसऱ्या कोणाचा विमा लागू होतो का, अशी विचारणा जाऊ शकते; आणि ज्याला अपघात झालेलाच नाही अशा वृद्ध माणसाला विनाकारण त्या पत्रांची उत्तरे द्यावी लागतात. आपल्या टेबलावरच्या एका अक्षराचा तिकडे असा परिणाम होतो, म्हणून मी या विषयात आग्रही आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधीच सांगते. चार्ट बाह्यरुग्ण विभागाचा आहे की आंतररुग्ण, यावर नियम बदलतो: ‘संभाव्य’, ‘बहुधा’, ‘शंका आहे’ अशा शब्दांनी लिहिलेले निदान बाह्यरुग्ण चार्टात पक्के म्हणून कोड करता येत नाही, तर रुग्णालयाच्या आंतररुग्ण चार्टात डिस्चार्जच्या वेळी ते तसेच उभे असेल तर कोड करता येते. कोडसंच दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतो, म्हणून सेवेच्या तारखेची आवृत्ती पाहावी लागते. उपचारपद्धतींच्या बाबतीत मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विमा योजनेचे प्रादेशिक कंत्राटदार आपापली व्याप्ती-धोरणे काढतात आणि खासगी कंपन्यांची धोरणे वेगळी असतात. खाली लिहिते ते बाह्यरुग्ण चार्ट आणि आयसीडी-१०-सीएम, म्हणजे रोगांच्या जागतिक कोडयादीची अमेरिकी आवृत्ती, डोळ्यांसमोर ठेवून.

आपण भारतीय रुग्णालयातून आला आहात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये एल९७ हा तीन अक्षरांवरच संपतो. पायाचा व्रण म्हटले की एल९७ लिहून काम भागते. अमेरिकी आवृत्तीत तोच कोड सहा अक्षरांचा आहे: चौथे अक्षर जागा सांगते, पाचवे उजवा-डावा, आणि सहावे खोली. १ ऑक्टोबर २०१५ पूर्वी आम्ही आयसीडी-९ वापरत होतो, तेव्हा पोटरीच्या व्रणाला ७०७.१२ लिहिले की झाले. बाजू नाही, खोली नाही. त्या बदलानंतर डॉक्टरांच्या नोंदी रातोरात सुधारल्या नाहीत, आणि आजही आपल्यापुढे येणारी अनेक टिपणे जुन्याच सवयीने लिहिलेली असतात.

जागेच्या बाबतीत मराठी माणसाची एक खास अडचण होते, जी मी नव्या कोडरांना शिकवताना नेहमी पाहते. आपल्या भाषेत ‘पाय’ हा शब्द मांडीपासून बोटांपर्यंत सगळ्याला चालतो. इंग्रजी वैद्यकीय लेखनात ‘लेग’ म्हणजे काटेकोरपणे गुडघा ते घोटा, आणि ‘फूट’ म्हणजे घोट्याखालचे पाऊल. मनातल्या मनात दोन्हींचे भाषांतर ‘पाय’ असे झाले की कोड चुकतो. मांडी एल९७.१, पोटरी एल९७.२, घोटा एल९७.३, टाच व पावलाचा मधला भाग एल९७.४, बोटांसह पावलाचा इतर भाग एल९७.५, आणि नडगीसारखा गुडघ्याखालचा इतर भाग एल९७.८. नुसते ‘लेग’ लिहिले असेल आणि शरीरतपासणीतही जागा नसेल तरच एल९७.९. मी सुरुवातीच्या वर्षांत मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, चवडा हे शब्द एका कागदावर चित्रासह लिहून मॉनिटरजवळ लावले होते, आणि इंग्रजी टिपण वाचताना प्रत्येक वेळी यांतला नेमका शब्द मनात आणण्याची सवय लावली. मधुमेहाच्या कोडांत तर या फरकावर सगळे अवलंबून असते: पावलावरच्या व्रणाला ई११.६२१ आणि त्याशिवाय इतरत्रच्या त्वचाव्रणाला ई११.६२२.

आता कारणाकडे. एल९७ हा कोड बहुतेक वेळा एकटा उभा राहत नाही. त्याच्याखालीच ‘मूळ विकार आधी लिहा’ अशी सूचना आहे: धमन्या कठीण होऊन अरुंद झाल्यामुळे झालेला व्रण असेल तर उजव्या पायासाठी आय७०.२३ आणि डाव्यासाठी आय७०.२४ ची मालिका, व्हेरिकोज व्हेन्समुळे (फुगलेल्या शिरांमुळे) असेल तर आय८३.०, शिरांतील दीर्घकालीन दाबामुळे असेल तर आय८७.३१, मधुमेहामुळे असेल तर ई गटातील योग्य कोड, आणि त्यानंतर एल९७ ने जागा व खोली सांगायची. मूळ कारण कुठेच सापडले नाही आणि डॉक्टरांनी व्रण मात्र स्पष्ट लिहिला आहे, तर एल९७ एकटा देता येतो; पण तसा चार्ट पाठवण्याआधी मी जुन्या भेटींचे टिपण, रक्तप्रवाहाच्या डॉप्लर तपासणीवर डॉक्टरांनी लिहिलेला अभिप्राय आणि चालू भेटीची उपचार-योजना पुन्हा वाचते.

म्हणून ‘जखमेला एस, व्रणाला एल’ हा नियम अर्धवट आहे. दुखापत खरोखर झाली असेल आणि तिच्यावरच उपचार चालू असतील, तर एस कोड बरोबर आहे, मग ती जखम सहा आठवड्यांची का असेना. त्यातही ‘अनस्पेसिफाइड ओपन वूंड’ घेण्याआधी फाटलेली, टोचलेली की चावलेली हे पाहावे. उजव्या पोटरीवरची बाह्यवस्तू आत न राहिलेली फाटलेली जखम एस८१.८११ मध्ये जाते. सातवे अक्षर ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ‘ए’, आणि भरत आलेल्या जखमेची नेहमीची देखभाल असेल तेव्हा ‘डी’. दुखापतीची जखम पुढे जुनाट व्रण झाली, असे डॉक्टरांनी स्वतः लिहिले तर एल९७ कडे वळावे. चार महिने झाले म्हणून आपण आपल्या मनाने वळू नये. शस्त्रक्रियेची उसवलेली जखम टी८१.३१ मध्ये आणि पाय कापल्यानंतर खुंटावर झालेला संसर्ग टी८७.४ मध्ये जातो; हे दोन्ही सहसा शीर्षकावरूनच ओळखू येतात.

मधुमेहाबाबत थोडे थांबून लिहिते, कारण आपल्या तिसऱ्या चार्टाचा गोंधळ तिथे आहे. निर्देशांकात ‘विथ’ (सह) या शब्दाखाली जे विकार दिलेले आहेत, त्यांचा मूळ रोगाशी संबंध आहे असे गृहीत धरावे, डॉक्टरांनी स्पष्टपणे नाकारला असेल तरच सोडावा, असा अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांतील नियम आहे. मधुमेहाखाली पावलावरच्या व्रणाची स्वतंत्र नोंद आहे, म्हणून मधुमेही रुग्णाच्या चवड्यावरचा व्रण, दुसरे कारण लिहिलेले नसेल तर, ई११.६२१ मध्ये जातो. पोटरीवरचा व्रण मात्र ‘अन्यत्र वर्गीकृत नसलेला त्वचाव्रण’ अशा मोघम नोंदीत मोडतो, आणि अशा व्यापक नोंदींना हे गृहीतक आपोआप लावू नये, हीच मी पाळत आलेली शिस्त आहे. तिथे मी डॉक्टरांनी जोडलेला संबंध शोधते, आणि तो नसेल तर विचारते. उलट बाजूची चूकही तितकीच घडते: डॉक्टर ‘व्हीनस अल्सर’ (शिरांच्या विकाराचा व्रण) असे स्वच्छ लिहितात, रुग्णाला मधुमेहही असतो, आणि कोडर सवयीने ई११.६२२ लावून मोकळा होतो. डॉक्टरांनी कारण शिरांचे दिले आहे. मग मधुमेह वेगळा लिहावा आणि व्रण शिरांच्या विकाराला जोडावा.

खोलीच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि हा नियम आपण तोंडपाठ करून ठेवावा. मार्गदर्शक तत्त्वांच्या विभाग एक-बी-१४ प्रमाणे दाबाशिवायच्या जुनाट व्रणाची खोली आणि दाबव्रणाची (सतत दाब पडून झालेल्या व्रणाची) पायरी, म्हणजे स्टेज, या गोष्टी उपचार करणाऱ्या डॉक्टरांव्यतिरिक्त इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या नोंदीतून, म्हणजे जखम-परिचारिकेच्या तक्त्यातूनही, घेता येतात. निदान मात्र डॉक्टरांचेच, किंवा निदान करण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या प्रोव्हायडरचेच हवे. परिचारिकेने ‘व्हीनस अल्सर, चरबीचा थर उघडा’ असे लिहिले आणि डॉक्टरांनी ‘वूंड’ एवढेच लिहिले, तर खोली वापरता येईल असा व्रणच आपल्या हाती नाही. आपल्या चारपैकी काही चार्ट नेमके याच जागी अडले असावेत, असे मला वाटते.

सहाव्या अक्षराचे अर्थही शब्दशः घ्यावेत. १ म्हणजे केवळ त्वचेपुरता व्रण, २ म्हणजे चरबीचा थर उघडा, ३ स्नायूचा मृतभाग, ४ हाडाचा मृतभाग. स्नायू किंवा हाड दिसते आहे पण मृत झालेले नाही, अशा व्रणांना पूर्वी योग्य जागा नव्हती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ५, ६ आणि ८ ही अक्षरे आली. तक्त्यात ‘०.३ सेंमी खोल’ असा आकडा असेल तर त्यावरून कोणता थर उघडा आहे हे ठरवता येत नाही, कारण नडगीवर तेवढ्या खोलीत हाड लागू शकते आणि मांडीवर चरबीही संपत नाही. ‘चाळीस टक्के स्लफ’ (जखमेवरचा मऊ मृत थर) म्हणजे स्नायूचा मृतभाग नव्हे. मधुमेही पावलाच्या व्रणाची तीव्रता सांगणारी वॅग्नर श्रेणीही थेट सहाव्या अक्षरात उतरवू नये. ती अन्यत्र उपयोगी पडते, उदाहरणार्थ मधुमेही जखमेसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजनला (वाढीव दाबाखाली दिलेल्या ऑक्सिजनला) मान्यता देताना मेडिकेअर वॅग्नर ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मागते.

टाचेच्या व्रणाला मी नेहमी दुप्पट वेळ देते. खाटेला खिळलेल्या मधुमेही रुग्णाच्या टाचेवरचा व्रण दाबाचाही असू शकतो आणि मधुमेहाचाही. पहिल्याला एल८९.६ आणि त्याची पायरी, दुसऱ्याला ई११.६२१ सोबत एल९७.४ आणि त्याची खोली. टिपणात ‘स्टेज ३ डायबेटिक अल्सर’ असे वाचायला मिळते, तेव्हा दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकत्र आल्या आहेत हे ओळखावे आणि विचारावे. पायरी लिहिली म्हणून तो दाबव्रण ठरत नाही.

इथपर्यंतचे सूत्र असे की कारण डॉक्टरांचे, जागा नेमकी, बाजू स्पष्ट, आणि खोली कोणत्याही पात्र कर्मचाऱ्याने लिहिलेली पण थराच्या भाषेत.

आता क्वेरी. आपल्याला अडलेल्या चार्टासारखा एक नमुना घेऊ. अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला तीन महिने न भरलेली जखम, ४ × ३ × ०.३ सेंमी, भोवतालची कातडी तपकिरी पडलेली, व्हेरिकोज व्हेन्सची नोंद, टाइप २ मधुमेह, उपचार म्हणून अनेक थरांची दाबपट्टी, परिचारिकेच्या तक्त्यात ‘त्वचेखालची चरबी दिसते’, आणि निदानात ‘राइट लेग वूंड’. वाचताक्षणी आपल्या मनात शिरांचा व्रण उभा राहतो, आणि बहुधा तो तसाच असेल, पण हे लक्षणांवरून काढलेले अनुमान आहे आणि अनुमान काढणे हे आपले काम नाही.

अशा वेळी मी डॉक्टरांना लिहिते ते साधारण असे: ‘१२ तारखेच्या टिपणात उजव्या घोट्यावरील तीन महिन्यांची जखम, तपकिरी वर्ण, व्हेरिकोज व्हेन्स, टाइप २ मधुमेह व दाबपट्टीचा उपचार यांची नोंद आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार या जखमेचा प्रकार व कारण कृपया नमूद करावे: व्हेरिकोज व्हेन्समुळे झालेला व्रण, मधुमेहामुळे झालेला व्रण, दुखापतीची जखम, अन्य (कृपया लिहावे), ठरवता येत नाही.’ यात नोंदीतील खुणा आहेत, नोंदीशी जुळणारे एकाहून अधिक पर्याय आहेत, आणि कोणत्या पर्यायाने किती पैसे मिळतील याचा एक शब्दही नाही. ‘हा व्हीनस अल्सर आहे ना?’ अशी विचारणा करू नये. निदान अजून लिहिलेलेच नसताना हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारणे क्वेरीच्या आचारसंहितेत बसत नाही. एएचआयएमए आणि एसीडीआयएस या वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रातील दोन अमेरिकी संस्थांनी मिळून काढलेल्या, २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनाचा गाभा हाच आहे, आणि आपल्या क्लायंटचा नमुना वेगळा असला तरी तो या चौकटीत असायला हवा.

डॉक्टरांनी पहिला पर्याय निवडला तर कोड आय८३.०१३ आणि त्यानंतर एल९७.३१२ असे येतात, मधुमेह त्याच्या गुंतागुंतीप्रमाणे स्वतंत्र. व्रणासोबत शिरांमुळे झालेला दाहही लिहिला तर आय८३.२१३. व्हेरिकोज व्हेन्स नाहीत पण शिरांचा दीर्घकालीन अपुरेपणा आहे, असे उत्तर आले तर आय८७.२ आणि एल९७.३१२. एकाच जखमेसाठी तीन उत्तरे आणि तीन वेगळे कोड. म्हणूनच ऑडिटरने त्या चार चार्टांवर आपला स्वतःचा कोड लिहिला नाही.

डिब्रीडमेंटमध्ये वेगळा प्रश्न लागू होतो: व्रण किती खोल आहे यापेक्षा डॉक्टरांनी कोणत्या थरापर्यंतचे ऊतक प्रत्यक्ष काढले. माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका चार्टाला ११०४४, म्हणजे हाडापर्यंतच्या डिब्रीडमेंटचा उपचार-कोड, दिला होता, कारण टिपणात ‘हाड दिसते’ असे होते. काढले होते ते केवळ त्वचेखालचे ऊतक. पुढे तपासणीत हे उघड झाले आणि क्लायंटला रक्कम परत करावी लागली. तेव्हापासून मी शस्त्रक्रियेच्या परिच्छेदातले ‘काढले’ या अर्थाचे क्रियापद आधी शोधते आणि त्याचे कर्म काय आहे ते पाहते. त्वचेखालचे ऊतक काढले तर ११०४२, स्नायू किंवा त्याचे आवरण काढले तर ११०४३, हाड काढले तर ११०४४. केवळ स्लफ, फायब्रिन किंवा वरचा मृत थर निवडून काढला तर ९७५९७. हे सगळे पहिल्या २० चौरस सेंमीसाठी आहेत, आणि पुढच्या प्रत्येक २० किंवा त्याच्या भागासाठी अनुक्रमे ११०४५, ११०४६, ११०४७ आणि ९७५९८ हे जोडकोड.

क्षेत्रफळही काढलेल्या भागाचे मोजावे, पूर्ण जखमेचे नव्हे. उजव्या पोटरीची जखम ५ × ४, पण डिब्रीडमेंट त्यातल्या ३ × ४ भागाचे, म्हणजे १२ चौरस सेंमी. डाव्या घोट्यावर पूर्ण ४ × ५, म्हणजे २०. दोन्ही त्वचेखालच्या थरापर्यंत. खोली सारखी म्हणून बेरीज ३२, आणि कोड ११०४२ एक व ११०४५ एक. त्याच दिवशी डाव्या टाचेवर ४ चौरस सेंमी स्नायूच्या आवरणापर्यंत काढले असेल तर ते या बेरजेत मिसळायचे नाही. त्याला ११०४३ वेगळा, आणि जागा निराळी असल्याचे दाखवणारा मॉडिफायर ११०४२ ला. टिपणात काढलेल्या ऊतकाचा थर किंवा क्षेत्रफळ नसेल तर अंदाज बांधू नये. छायाचित्रावर पट्टी ठेवून क्षेत्रफळ काढणारे कोडरही मी पाहिले आहेत. तेही करू नये.

राहिले आपले परत आलेले सात चार्ट. ज्यांचे क्लेम अजून गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी आजच क्वेरी पाठवावी. जे गेले आहेत, त्यांची यादी आपल्या टीम लीडरकडे लेखी द्यावी, म्हणजे दुरुस्त क्लेम पाठवायचा की नाही हे अनुपालन विभाग ठरवू शकेल. डॉक्टरांनी पुरवणी नोंद करायची असेल तर ती त्यांनी आजच्या तारखेने, स्वतःच्या माहितीच्या आधारे करावी. मूळ टिपण बदलून घेऊ नये आणि तसे करण्याची विनंती आपण चुकूनही करू नये. उत्तरे आल्यावर एखाद्या चार्टात कारण दोन असल्याचे डॉक्टरांनी लिहिले, उदाहरणार्थ शिरा आणि धमन्या दोन्ही, आणि क्रम लावताना अडचण आली, तर नाव-गाव व तारखा काढून टिपणाचा तेवढा भाग कळवावा. त्या प्रकारचे चार्ट मी सध्या दर आठवड्याला पाहते आहे आणि त्यावर सविस्तर लिहीन.